चिलखताची बदनामी

बनारसमध्ये हॉकीचा विषय निघाला की चहाच्या पहिल्या घोटाला इथला फॉरवर्ड मोहम्मद शाहिद येतो आणि कुल्हड रिकामं व्हायच्या आत आजच्या गोलकीपरची टिंगल सुरू होते. अंगाला फोमच्या गाद्या गुंडाळायच्या, तोंडाला पिंजरा लावायचा, मग उभं राहायचं. यात कसली आली छाती? जुने गोलकीपर बघा. उघड्या तोंडाने आणि वेताच्या पॅडांवर ऑलिंपिकची सोनी आणली त्यांनी. ही कैफियत कचहरीच्या आसपासच्या टपऱ्यांवर ऐकू येते, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या जुन्या मराठी घरांत ऐकू येते, आणि खडकीची मैदानं बघत म्हातारे झालेले आमचे पुणेकर तीच तितक्याच तावातावाने मांडतात. चिलखताने धैर्य घालवलं, असं म्हणून झालं की पुढची पायरी येते: आता चेंडू माणूस अडवत नाही, सामान अडवतं. आणि मग शेवटचा हुंदका: असल्या भिंतीपुढे शाहिदचा डॉजसुद्धा, तो चेंडूसकट दिलेला चकवा, फुकट गेला असता, बनारसची कलाच या फोमने मारली.

यातला हुंदका सर्वांत भावुक आहे आणि सर्वांत लंगडाही. त्याच्याकडे येतोच. पण आधी धैर्याचं बघू.

या खटल्यात साक्षीदार म्हणून हटकून उभा केला जातो शंकर लक्ष्मण. महूचा हा गडी 1947 मध्ये लष्करात बँडवाला म्हणून भरती झाला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचा झाला, त्यामुळे मराठी माणूस त्याच्यावर जरा जास्तच हक्क सांगतो. 1956 मेलबर्न, 1960 रोम, 1964 टोकियो. तिन्ही ऑलिंपिकचे अंतिम सामने पाकिस्तानशी, आणि तिन्ही मिळून भारतावर गोल एकच, रोममधला. 1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तो संघाचा कर्णधार होता आणि तिथेही सोनं आलं. असा माणूस साक्षीला असला की समोरच्याची बोलती बंद व्हावी, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे.

पण लक्ष्मणने हेल्मेट नाकारलं नव्हतं. त्याला ते कुणी देऊ केलंच नव्हतं. त्या काळात गोलकीपरसाठी जे सर्वांत चांगलं मिळत होतं तेच त्याने बांधलं: कॅनव्हासच्या आत उभ्या वेताच्या काड्या आणि कापसाचं भरण असलेले पॅड, पायात चामड्याचे किकर, हातात जेमतेम ग्लोव्ह. हातात नसलेली वस्तू न वापरणं ही निवड नव्हे, आणि जी निवड नव्हती तिचं श्रेय धैर्याच्या खात्यात जमा करता येत नाही. लक्ष्मणचं धैर्य त्याच्या पुढे येण्यात होतं, नजरेत होतं, फॉरवर्डच्या पायांत झेपावण्यात होतं. उघड्या तोंडात नव्हतं. आणि ज्या देशाला त्याचं उघडं तोंड एवढं आवडलं, त्या देशाचा हा कर्णधार 2006 मध्ये महूमध्ये पायाच्या गँगरीनने गेला. त्याच्या शौर्याच्या गप्पांना पैसे पडत नव्हते. उपचाराला पडले असते.

दुसरं म्हणजे, लक्ष्मणपुढे येणारा चेंडू कोणता होता? गवतावरचा. गवत चेंडूचा वेग खातं, उसळी बिघडवतं, हिट मारणाऱ्यालाही चाचपडायला लावतं. पेनल्टी कॉर्नरला चेंडू आधी हाताने थांबवायचा आणि मग हिट मारायची, असा त्या काळचा प्रकार. 1976 मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली. भारत तिथे सातवा आला आणि आपल्याकडे टर्फच्या नावाने जे रडगाणं सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. त्या रडगाण्यात गोलकीपरला कुणी विचारलंच नाही. टर्फवर चेंडू सरळ येतो आणि तोही वेग न गमावता. वर टर्फवर पाणी मारलेलं असतं. वेताचे पॅड हे पाणी पितात आणि सामन्याच्या उत्तरार्धात पायाला ओल्या पोत्यासारखे लोंबतात. पुढे 1990 च्या दशकात ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन फेकणं, रुळली. पेनल्टी कॉर्नरवरची पहिली हिट गोलातल्या फळीच्या वर, म्हणजे 460 मिलिमीटरच्या वर, जाऊन चालत नाही. फ्लिकला मात्र ही मर्यादा नाही. म्हणजे 156 ते 163 ग्रॅमचा टणक प्लास्टिकचा गोळा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने थेट छातीच्या, गळ्याच्या, कपाळाच्या रोखाने येऊ शकतो. वर्तुळाच्या टोकापासून गोलरेषा साधारण साडेचौदा मीटर. हिशेब करा, अर्धा सेकंद. या चेंडूपुढे 1964 चं सामान घालून उभं राहणाऱ्याला शूर म्हणत नाहीत, त्याच्या घरच्यांना कळवतात.

चिलखत आधी आलं आणि मग खेळ मऊ झाला, हा क्रमच उलटा लावलेला आहे. खेळ कडक झाला म्हणून चिलखत आलं.

हा वाद आपण बनारसच्या घाटावर नव्याने शोधून काढला असंही नाही. बर्फावरच्या हॉकीत तो पूर्वीच होऊन गेला आहे, आणि त्याचा निकालही लागलेला आहे. तिथला पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन 156 ते 170 ग्रॅम. आपला हॉकीचा चेंडू, क्रिकेटचा चेंडू आणि ही चकती, तिघांचं वजन जवळपास सारखंच. म्हणूनच 1896 मध्ये विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा जॉर्ज मेरिट स्टॅन्ली कपच्या सामन्यात गोलात उतरला तो चक्क क्रिकेटचे पॅड बांधून. ती कल्पना चालली, पण क्रिकेटचा पॅड गोलसर असल्याने पक त्यावरून घसरून गोलात जायचा. 1920 च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टन गावच्या केनेस्की नावाच्या घोड्यांचं सामान बनवणाऱ्या कारागिराने ते पॅड रुंद आणि सपाट केले, वरून चामडं, आत कापसासारखा कापोक आणि हरणाचे केस. पुढची कित्येक वर्षं तिथले गोलकीपर त्याच्याच घराण्याचे पॅड बांधत होते.

पाय झाकले गेले, तोंड मात्र उघडंच. 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्टने नाक फुटल्यावर चामड्याचा मुखवटा थोडे दिवस लावून पाहिला. त्यातून नीट दिसेना म्हणून सोडला. टेरी सॉचक नावाचा एक जबरदस्त गोलकीपर होता. त्याच्या चेहऱ्याला कारकिर्दीत सुमारे चारशे टाके पडले. 1966 मध्ये 'लाइफ' मासिकाने रंगभूषाकाराकडून त्याच्या चेहऱ्यावर त्या सगळ्या जुन्या जखमा पुन्हा रंगवून घेतल्या आणि फोटो छापला. तो फोटो एकदा बघावा आणि मग उघड्या तोंडाचं कवित्व करावं.

1 नोव्हेंबर 1959, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. माँट्रियल कॅनेडियन्सचा गोलकीपर जाक प्लांट याच्या नाकावर रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा पक बसला. रक्त, टाके, सामना थांबलेला. फायबरग्लासच्या कंपनीत काम करणाऱ्या बिल बर्चमोरने प्लांटला त्या मालाचा मुखवटा करून दिला होता. सरावात तो वापरायचा, पण सामन्यात मुखवटा घालायला प्रशिक्षक टो ब्लेकची ना होती. कारण आपल्या टपरीवरचंच: मुखवटा घातला की गोलकीपर निर्धास्त होतो, नजर सुस्तावते, धार जाते. त्या काळी संघासोबत दुसरा गोलकीपर नसायचा. प्लांटने सांगितलं, मुखवट्याशिवाय मी बाहेर येणार नाही. ब्लेकचा नाइलाज झाला. सामना माँट्रियलने 3-1 जिंकला आणि त्यानंतर कितीतरी सामने संघ हरला नाही. मार्च 1960 मध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर प्लांटने एका सामन्यापुरता मुखवटा उतरवला. डेट्रॉइटने तो सामना 3-0 ने घेतला. मुखवटा परत चढला, आणि त्या मोसमाचा स्टॅन्ली कप माँट्रियलकडेच गेला. एका पराभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण धार जाते म्हणणाऱ्यांकडे तेवढाही पुरावा नव्हता. 1974 नंतर त्यांच्या एनएचएल या लीगमध्ये उघड्या तोंडाने कुणी गोलात उभं राहिलं नाही, आणि गोलकीपर भित्रे झाले अशी तक्रारही मग हळूहळू बंद पडली. हेल्मेट घालणारा फलंदाज गावसकरपेक्षा भित्रा, असं आपल्याकडेही कुणी म्हणत असे. तेही आता ऐकू येत नाही.

एका मुद्द्यावर मात्र तक्रारवाल्यांचं खरं आहे, आणि तो ते स्वतः कधी मांडत नाहीत. रक्षण करणारं सामान आणि गोल झाकणारं सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्फावरच्या हॉकीत 1980 च्या दशकात हलका कृत्रिम माल आला, वजनाची चिंता मिटली, आणि सामान फुगू लागलं. पॅडची रुंदी 10 इंचांवरून 1989 मध्ये 12 वर गेली. गोलकीपर गुडघे टेकून खाली बसला की अर्धा गोल नुसता झाकला जायचा. शेवटी 2005 मध्ये लीगने ती 11 इंचांवर आणली. ही खरी लबाडी होती आणि तिचा बंदोबस्त मोजपट्टीने झाला, पॅड जाळून नव्हे. आपल्या हॉकीत ही मापं नियमातच आहेत: पायाचा पॅड 300 मिलिमीटरपेक्षा रुंद नाही, हाताचा ग्लोव्ह 228 रुंद आणि 355 लांब यापेक्षा मोठा नाही. गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच. दोन्ही पाय जोडून उभ्या असलेल्या गोलकीपरचे पॅड या रुंदीतले फार तर 60 सेंटिमीटर व्यापतात. उरलेले तीन मीटर कोण अडवतं? फोम?

आता 'सामान अडवतं' या आरोपाकडे. तो करणाऱ्याने फोमचा पॅड हातात घेतलेला नसतो, असा माझा अंदाज आहे. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ गावी सायमन बार्नेटच्या ओबो कंपनीने 1990 च्या दशकात साच्यात घडवलेल्या घट्ट फोमचं सामान बाजारात रुळवलं, आणि गोलकीपिंगची सगळी हालचालच बदलली. वेताच्या पॅडवर चेंडू आदळला की मरायचा, पायाशी पडायचा. मग गोलकीपरने पाऊल उचलून चामड्याच्या किकरने तो लाथाडायचा. अडवणं एक काम, घालवणं दुसरं, आणि मधल्या क्षणात समोरचा फॉरवर्ड स्टिक घालायचा. फोमवर चेंडू मरत नाही, उडतो. म्हणून अडवतानाच पायाचा कोन असा धरावा लागतो की चेंडू वर्तुळाबाहेर, बाजूच्या रेषेकडे जावा. कोन चुकला तर तोच फोम चेंडू थेट शत्रूच्या स्टिकवर नेऊन देतो. आधी दोन हालचालींत होणारं काम आता एकाच हालचालीत करावं लागतं, तेही अर्ध्या सेकंदात. याला कौशल्य घटलं म्हणतात?

ग्लोव्ह बघा. डाव्या हाताचा म्हणजे जाड फोमची सपाट पाटी. चेंडू पकडायचा नसतो, पाटी वळवून त्याला वाट दाखवायची असते. उजव्या हाताचा स्टिकच्या मुठीभोवती बसतो. मुलं हे सगळं ठरलेल्या क्रमाने चढवतात: आधी पोटाखालचं गार्ड आणि वरची चड्डी, मग किकर आणि त्याचे तळव्याखालून जाणारे पट्टे, मग पायाचे पॅड, मग छाती, कोपर, गळा, हेल्मेट. ग्लोव्ह शेवटी, कारण एकदा ते चढले की नाक खाजवायलाही दुसरा माणूस लागतो. मे महिन्यात बनारसच्या सकाळी आठ वाजता हा सगळा संभार चढवून तासभर बसायचं, उठायचं, झेप घ्यायची, परत उठायचं. हेल्मेटच्या जाळीवरून घाम गळत असतो आणि आतला फोम भिजून आंबलेला वास मारत असतो. गादीतला आराम तो हाच.

आता बनारसच्या कलेचा हुंदका. शाहिदचा डॉज भिंतीपुढे फुकट गेला असता? शाहिदचं 1980 चं मॉस्कोमधलं सोनंच मुळी टर्फवर आलं. त्याच्यानंतर बनारसचाच विवेक सिंग 1988 मध्ये सोलला खेळला, त्याचा भाऊ राहुल 1996 मध्ये अटलांटाला. आणि त्यांच्यानंतर ललित उपाध्याय, जो भोजूबीरच्या उदय प्रताप कॉलेजच्या मैदानावर परमानंद मिश्रांच्या हाताखाली घडला. ललितची सगळी कारकीर्द नखशिखान्त फोम चढवलेल्या गोलकीपरांपुढे गेली. टोकियो आणि पॅरिस, दोन ऑलिंपिक कांस्यपदकं त्याच्याकडे आहेत.

4 ऑगस्ट 2024, पॅरिस, उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. तिथून पुढे भारत दहाजणांनिशी ग्रेट ब्रिटनशी लढला आणि 1-1 अशी बरोबरी राखली. मग शूटआऊट. शूटआऊट म्हणजे काय, हे तक्रारवाल्यांनी जरा समजून घ्यावं. पूर्वी बरोबरी पेनल्टी स्ट्रोकने फुटायची: सात यार्डांवरून एक धक्का, गोलकीपर जवळजवळ असहाय. आता खेळाडू 23 मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन येतो, आठ सेकंद, समोर पूर्ण सामानातला गोलकीपर झेप घेत पुढे धावून येतो, आणि त्याला चकवायचं असतं. गोलकीपर असा जिवावर उदार होऊन पुढे येऊ शकतो, कारण अंगावर ते सामान आहे. आणि तो पुढे येतो म्हणूनच डॉजला किंमत आहे. त्या दिवशी भारताचे चारही प्रयत्न गोलात गेले. एक ललितचा, एक शेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातल्या करमपूरच्या राजकुमार पालचा. चारांतले दोन पूर्वांचलचे. दुसऱ्या टोकाला आपला गोलकीपर श्रीजेश होता. 4-2. फोमने बनारसची कला मारली म्हणणाऱ्याने हे आठ-आठ सेकंद पुन्हा बघावेत.

आणि मराठी वाचकांसाठी आणखी एक. ऑक्टोबर 2017, ढाका, आशिया कपचा अंतिम सामना, मलेशियावर 2-1. दोन गोलांतला एक ललितचा. श्रीजेश गुडघ्याच्या दुखापतीने घरी. त्या संघातले दोन्ही गोलकीपर महाराष्ट्राचे: यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. आमच्याकडे ही गोष्ट किती घरांत माहीत आहे? फॉरवर्डचं नाव शहराला पाठ असतं, गोलकीपर आठवतो तो हरल्यावर. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने अंतिम सामन्यात सात गोल घातले. आजही त्या सातांखाली नाव घेतलं जातं ते एकट्या मीररंजन नेगीचं. जणू पुढे दहाजण नव्हतेच.

इथे मला ज्या गोष्टीचा खरा राग आहे तिच्याकडे येतो. उघड्या तोंडाच्या शौर्याचं हे गुणगान निरुपद्रवी नाही. ते स्वस्त पडतं म्हणून टिकलं आहे. एक स्टिक आणि एक चेंडू असला की गल्लीत, गंगेच्या वाळूत, शाळेच्या ओबडधोबड मैदानात फॉरवर्ड तयार होतो. गोलकीपर असा तयार होत नाही. त्याला चुका करायला सामान लागतं. पाटीवर चेंडू चुकीचा घेतला तर बोट मोडणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कुठलाही बारा वर्षांचा मुलगा चेंडूकडे जात नाही. तो डोळे मिटून मान वळवतो आणि आपण त्याला भित्रा ठरवून दुसऱ्याला उभं करतो. जिथे किट नाही तिथे गोलात कोण उभं राहतं? ज्याला पुढे खेळता येत नाही तो. मग आपण म्हणतो, आमच्या मातीत गोलकीपर निपजतच नाहीत. शहराच्या तोंडी असलेली सगळी नावं फॉरवर्ड-मिडफिल्डरची का, याचं उत्तर मातीत शोधण्याआधी सामानाच्या खोलीत शोधावं.

श्रीजेशच्या वडिलांनी घरची गाय विकून त्याला पॅड घेऊन दिले, ही गोष्ट त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे, आणि आपण ती टाळ्या वाजवत ऐकतो. ती टाळ्यांची गोष्ट नाही. ती केरळच्या एका शेतकऱ्याने सरकारचं काम केल्याची गोष्ट आहे. ज्या घरी गाय नव्हती तिथला श्रीजेश आपण पाहिला नाही. गोलकीपर सविता पुनिया हरियाणातल्या जोधकां गावाहून सिरसाला सरावाला बसने जायची, किटची भलीमोठी बॅग घेऊन. त्या बॅगेपायी बसमध्ये काय काय ऐकावं लागायचं हे तिच्या मुलाखतींत आहे. पुढे तीच भारताची कर्णधार झाली. अशा मुलींसमोर 'पूर्वी बघा, काहीच नसायचं' हे वाक्य उच्चारायला फार कोडगेपणा लागतो.

परदेशी किट महाग असतं, हे खरं. सगळ्यांनी परदेशी घ्यावं असं कुणी म्हणत नाही. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी उभ्या केलेल्या जालंधरच्या धंद्यात आणि मेरठमध्ये खेळाचं सामान पिढ्यान्‌पिढ्या बनतं. मेरठ तर याच राज्यातलं. फोमचे पट्टे तुटले तर नाक्यावरचा मोची शिवून देतो. किट उन्हात वाळत घालायचं नसतं, सावलीत वाऱ्यावर ठेवायचं असतं; एवढं पाळलं तर एकच किट बरीच वर्षं आलटून पालटून पोरं वापरतात. खरी अडचण मापाची येते. मोठ्या माणसाचे पॅड दहा वर्षांच्या पोराच्या मांडीच्या वर जातात आणि त्याला गुडघा वाकवता येत नाही, म्हणून लहान मापाचं एक वेगळं किट लागतंच. आणि पैसे नाहीत हे कारण मला तरी पटत नाही, कारण स्पर्धेच्या मांडवाला, हारांना, पाहुण्यांच्या शालींना आणि पुरुषभर उंचीच्या ट्रॉफ्यांना पैसे दर वर्षी कुठूनतरी येतातच. पुढच्या स्पर्धेच्या खर्चाच्या यादीत लहान मापाचं किट मांडवाच्या वर लिहावं, आणि मांडव थोडा आखूड घालावा.